चिंचेवरचं तिसरं पिल्लू

॥ श्री ॥
ब्राह्मणपारा, रायपूर
३ जुलै २००१

चि. मंजिरीस इंदूआत्याचे मनापासून आशीर्वाद.

तू बंगलोरला पोचल्याचा फोन आला तेव्हा मी देवळात गेले होते. काकांनी फोन घेतला आणि निरोप म्हणून मला एवढंच सांगितलं की पोट्टी पोचली. तू काय जेवलीस, खोलीत सोबत कोण आहे, असलं काही विचारायचं त्यांच्या डोक्यात येत नाही. फोनवर तसंही मला सुचत नाही. मागे कोणीतरी घड्याळ घेऊन उभं आहे असं वाटतं. म्हणून आपलं पत्रच बरं. तूही पत्रच लिही, आणि मराठीत लिही. फोनवर मी मराठीत विचारते आणि तू हिंदीत उत्तर देतेस, ते काकांना चालतं, मला चालत नाही.

तू गेल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ गच्चीवर खुर्ची टाकून बसते. चिंचेवरच्या घरट्यांपाशी तू बांधलेल्या लाल, पिवळ्या आणि निळ्या फिती जागच्या जागी आहेत. त्या तीन फांद्या आपल्या गच्चीवर इतक्या वाकल्या आहेत की पाखराचा डोळासुद्धा दिसतो. निळ्या फितीवाली बगळी अंड्यांवरून हलतच नाही. तिचा नवरा काड्या आणून देतो आणि ती त्या उगीच इकडच्या तिकडे करते. काका म्हणाले, ही बाई ओळखीची वाटते.

पाऱ्यातले शेजारीपाजारी सगळे विचारतात की भाची काय शिकते. मी सांगते, इकॉलॉजी आणि उत्क्रांती. मग ते विचारतात, म्हणजे काय. मी चिंचेकडे बोट दाखवते. त्यांना वाटतं मी उत्तर टाळते आहे. देवळाच्या कमिटीला तर ही चिंच तोडायचीच आहे. खाली चालणाऱ्यांच्या डोक्यावर बगळे शिटतात, आणि आता आपलं गाव राजधानी झालं ना. शंकर नगरकडे दिवसभर लाल दिव्यांच्या गाड्या धावतात. राजधानीत डोक्यावर शीट पडणं शोभत नाही, असं पुजारीबुवांचं मत आहे. इथले लोक बगळ्याला कोकडा म्हणतात. तुझ्या सरांना हे नाव सांग.

शाळेत आम्हाला सिस्टर अ‍ॅग्नेस नेचर स्टडी शिकवायच्या. पानं वाळवायची, चिकटवायची, खाली वळणदार अक्षरात नाव लिहायचं. त्यापुढे आमचा निसर्ग गेलाच नाही. तू पुढे गेलीस, याचं मला फार कौतुक आहे. फक्त बघायचं, हात लावायचा नाही, हे तू निघताना पुन्हा पुन्हा बजावलंस. मी एवढी का गं अडाणी वाटले तुला?

जेवणाची हेळसांड करू नकोस. आत्याला विसरशील तर बगळ्यांना सांगेन.

तुझी
इंदूआत्या


बंगलोर
१४ जुलै २००१

तीर्थरूप सौ. इंदूआत्यास मंजिरीचा वाकून नमस्कार. ती. काकांनाही.

बघ, मराठीत लिहितेय. चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवू नकोस म्हणजे झालं.

तुझं पत्र मी सरांना वाचून दाखवलं, अर्थ सांगत सांगत. काड्या इकडच्या तिकडे करणाऱ्या बगळीवर ते खूप हसले. म्हणाले, तुझ्या आत्यासारखं बघणारं माणूस मिळणं कठीण. कोकडा हा शब्दही त्यांनी लिहून घेतला. वर्ग संपेपर्यंत मला इथून हलता येत नाही. माझं सगळं आता तुझ्या खुर्चीवर आहे.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण मला तुझा स्वभाव माहीत आहे. गायबगळी पहिलं अंडं घातल्याबरोबर उबवायला बसते. त्यामुळे पहिलं पिल्लू आधी बाहेर येतं, दुसरं नंतर आणि तिसरं सगळ्यांत शेवटी. तिसरं बाहेर येतं तेव्हा थोरली दोघं अंगानं भरलेली असतात. ती त्याला टोचतात, त्याच्या तोंडचा घास ओढतात, कधी घरट्याबाहेर ढकलतात. आणि आईबाप ते बघत बसतात. मधे पडत नाहीत.

का, असं तू विचारशीलच. वर्ष चांगलं असलं, शेतात किडे-बेडूक भरपूर असले, तर तिन्ही जगतात. नसले तर तिसरं जातं आणि दोघं तरी नीट वाढतात. तिन्ही अर्धपोटी राहून मरण्यापेक्षा हे बरं. निदान आमचं शास्त्र असं म्हणतं. मला बघायचंय की रायपूरसारख्या वाढत्या शहरात, जिथे भोवतालची धानाची शेतं घरांखाली चालली आहेत, तिथे हे तिसरं कधी जातं आणि किती घरट्यांत जातं.

म्हणून मेलं तर मरू दे. खाली पडलं तर उचलून परत ठेवू नकोस. त्याला नाव ठेवू नकोस. तुझ्याकडून फक्त एवढंच हवंय, कुठल्या घरट्यात किती पिल्लं आहेत.

भाद्रपदात महालक्ष्म्यांना मी येतेच आहे. तोवर तुझ्या मायेवर जगते.

तुझी लाडकी (काकांसाठी पोट्टी)
मंजिरी


॥ श्री ॥
ब्राह्मणपारा, रायपूर
५ ऑगस्ट २००१

चि. मंजिरीस उदंड आयुष्य.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा आवडलं, दुसऱ्यांदा नाही आवडलं.

पावसानं ओढ दिली आहे. अभनपूरकडून भाजी घेऊन येणारी बाई सांगत होती की रोपं पिवळी पडली. बगळे सकाळी जातात ते उन्हं चढल्यावर परततात, आणि पिल्लांपुढे टाकतात ते अगदीच थोडं असतं. थोरली दोघं कशी वागतात ते तू लिहिलंस तसंच आहे. त्याहून वाईट आहे म्हण. पुस्तकात आवाज नसतो.

श्रावण लागला. दर शनिवारी मुंज झालेल्या मुलाला तेल लावून, न्हाऊ घालून जेवू घालायची आपल्या घरची रीत. तुझ्या आजीनं ती कधी चुकवली नाही. पण आता मुलगा मिळत नाही बाई. पाऱ्यातली मराठी घरं एकेक करून कॉलन्यांत गेली. जो एक आहे त्याला शनिवारी गणिताची ट्यूशन असते, आणि तो मला आंटी म्हणतो. पहिल्या शनिवारी सगळा स्वयंपाक करून बसले आणि त्याच्या आईचा फोन आला की आज जमणार नाही.

बाकी ठीक. काकांचा गुडघा दुखतो. शेजारची मांजर हल्ली आपल्याकडेच पडून असते, का कोण जाणे. घरात मी उदबत्त्या जास्त लावते असं काकांचं म्हणणं आहे. श्रावण आहे, लावणारच.

तू विचारलंस ते लिहिते. लाल फितीच्या घरट्यात तीन, पिवळ्याच्यात तीन, निळ्याच्यात तीन. तिसरं सगळीकडे आहे.

तुझी येण्याची वाट बघणारी
इंदूआत्या


बंगलोर
२ ऑक्टोबर २००१

तीर्थरूप इंदूआत्यास मंजिरीचे सादर नमस्कार.

महालक्ष्म्यांना तुझ्या हातचं जेवून आले त्यानंतर हे पहिलंच पत्र. लिहायला उशीर झाला, पण कारण ऐकशील तर रागावणार नाहीस.

मी रायपूरबाहेरच्या तळ्याकाठच्या झाडावर दुसरी काही घरटी धरली होती, तिथल्या शाळेचे मास्तर मोजत होते, आठवतं? तिथे बहुतेक ठिकाणी तिसरं गेलं. आणि आपल्या चिंचेवर, भर वस्तीत, पावसानं ओढ दिलेल्या वर्षात, तिन्ही घरट्यांतलं तिसरं जगलं. सरांनी माझे कागद दोन वेळा उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाले की इतक्या वर्षांत त्यांनी असं पाहिलं नाही. शहरात बगळ्यांना काहीतरी नवं अन्न मिळत असावं, कदाचित उकिरड्यांवरचं, आणि त्यामुळे पिल्लांची आपसातली मारामारीच कमी होत असावी. हे खरं ठरलं तर फार मोठी गोष्ट आहे, आत्या.

डिसेंबरात इथे एक मोठी परिषद आहे. बाहेरदेशांतली माणसं येणार आहेत. सरांनी माझं नाव दिलं. आमच्या वर्गातून मी एकटीच. शेवटी आभार मानतात, त्यात तुझं नाव पडद्यावर येणार आहे, इंग्रजीत. काकांना सांग.

बाबांना फोन केला तर ते म्हणाले, बगळ्यांनी नाव काढलं.

तुझी माया अशीच असू दे.

मंजिरी


॥ श्री ॥
ब्राह्मणपारा, रायपूर
११ ऑक्टोबर २००१

चि. मंजिरीस आशीर्वाद.

हे पत्र तू एकटी असताना वाच.

तू डिसेंबरात उभी राहून जे सांगणार आहेस ते खरं नाही. ती पिल्लं उकिरड्यावर जगली नाहीत. मी जगवली. तुझं पत्र आल्यापासून हे वाक्य लिहायचा धीर गोळा करते आहे. आज लिहिलं. आता बाकीचं लिहिणं सोपं आहे, असं नाही.

श्रावणातल्या त्या पहिल्या शनिवारी मुलगा आला नाही. ताट वाढून ठेवलं होतं. मी तशीच गच्चीवर गेले तर लाल फितीच्या घरट्यातलं धाकटं गच्चीवर पडलेलं. मानेवर टोचून टोचून रक्त काढलेलं, डोळे मिटलेले, पण चोच उघडी. मी हलले की चोच माझ्याकडे वळे. तुझा शब्द आठवला, मंजू. आठवला नाही असं मी म्हणणार नाही. पण श्रावणातला शनिवार, घरात वाढलेलं ताट, आणि दारात तोंड उघडून पडलेला जीव. माझ्या हातानं माझं ऐकलं नाही. पदरात घेतलं आणि खुर्चीवर चढून घरट्यात परत ठेवलं. वरण-भात कालवून दिला तर खाईना.

आपला रिक्षावाला भैय्यालाल, ज्यानं माझ्या नोकरीची इतकी वर्षं मला शाळेत पोचवलं, तो लाकडं टाकायला वर आला होता. तो हसला. म्हणाला, दीदी, कोकडा कुठे वरण-भात खातो? दुसऱ्या दिवशी त्यानंच पानात गुंडाळून कोतरी आणली. तांदळाएवढी बारीक मासळी असते ती. मी जन्मात मासळीला हात लावला नव्हता. श्रावणात, सोवळ्याच्या घरात, मी ती नळाखाली धुतली. मग अंघोळ, मग लुगडं बदलणं, मग उदबत्त्या. मांजर का येते ते मला माहीत होतं गं.

फुलं काढायच्या काठीला मी एक जुनी पळी बांधली. आधी थोरल्या दोघांना द्यायची, पोट भरलं की ती पेंगतात, मग धाकट्याला. वर्षानुवर्षं पंगतीत वाढलं आहे मी, कोणाच्या पानात कधी काय टाकायचं हे मला कळतं. एका घरट्यात देते आणि बाकी दोहोंत नाही, हे मनाला पटेना, म्हणून तिन्हीत. तू फिती बांधल्यास त्या तीन फांद्या, कारण त्या जवळून दिसतात. माझी काठीही तिथपर्यंतच पोचत होती.

आणि तुला दर पत्रात लिहिलं की तिसरं आहे. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. खोटं लिहिलं असतं तर निदान स्वतःला खोटारडी म्हणता आलं असतं.

मी समजत होते की मी पिल्लाला वाचवते आणि तुझं काम तेवढं बाजूला आहे. तू मोजणार, मी वाढणार. दोन्हीचा एकमेकांशी संबंध आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी कॉन्व्हेंटात शिकले, आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं, आणि मला एवढं कळलं नाही. तुझं दोन तारखेचं पत्र वाचताना उकिरडा हा शब्द आला आणि मी पत्र खाली ठेवलं. तुझे सर, बाहेरदेशांतली माणसं, सगळी त्या उकिरड्याचा विचार करत बसली आहेत, आणि तो उकिरडा मी आहे.

आमच्या शाळेत कॅथलिक मुली शनिवारी कन्फेशनला जात. लाकडी जाळीच्या पलीकडे फादर, अलीकडे गुडघे टेकलेली मुलगी. बाहेर येत त्या अगदी मोकळ्या होऊन, उड्या मारत. आम्हा हिंदू मुलींना त्या वेळात मॉरल सायन्सचा तास असे. मला त्यांचा हेवा वाटायचा. आज हे लिहून झालं तरी मला काही मोकळं वाटत नाही. कारण मी केलं ते तुला भोगायचं आहे.

तू सरांना सांग. तुझं नाव जाईल या भीतीनं गप्प राहू नकोस. माझं नाव सांग, रीतसर, पत्त्यासकट. म्हातारी आहे, तिला अक्कल नव्हती म्हण.

काकांना मी हे पत्र वाचून दाखवलं. पूर्ण ऐकून घेतलं. पोस्टात टाकायला मीच चालले आहे.

तुझी म्हणवून घ्यायला आज धीर होत नाही.

इंदू


॥ श्री ॥
ब्राह्मणपारा, रायपूर
१८ नोव्हेंबर २००१

चि. मंजिरीस आशीर्वाद.

दिवाळी झाली. तुझं पत्र नाही, फोनही नाही. भाऊबीजेला तुझे बाबा नागपूरहून आले होते. तू बरी आहेस एवढं त्यांच्याकडून कळलं. त्यांना काही माहीत नाही असं दिसतं, आणि मीही बोलले नाही. ओवाळताना त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

काका माझ्या हातचं जेवत नाहीत. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. सकाळी उठून स्वतः पोहे भिजवतात, रात्री स्वतः खिचडी लावतात, आणि कच्चीच उतरवतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले की मासोळीचं त्यांना तेवढं नाही, पण महालक्ष्म्यांचा स्वयंपाक त्याच हातांनी केला आणि सांगितलं नाही, ते जात नाही डोक्यातून. रेल्वेत इतकी वर्षं नोकरी केलेला माणूस, डब्यात कोणाच्या शेजारी काय खाल्लं हे कधी पाहिलं नाही. हे मात्र लागलं.

तू रागावली असशील तर रागाचं तरी लिही. कोरा कागद घडी घालून पाठवलास तरी चालेल.

इंदूआत्या


बंगलोर
६ जानेवारी २००२

तीर्थरूप इंदूआत्यास मंजिरीचा नमस्कार, आणि तो तू घेशील की नाही हे माहीत नसताना केलेला.

तुझं ऑक्टोबरचं पत्र मला पोचलं होतं. ते मी वाचलं, पिशवीत ठेवलं, आणि परिषदेची तयारी सुरू केली. आता तुला कळेल की मी का लिहिलं नाही.

आत्या, मला माहीत होतं. महालक्ष्म्यांना आले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर बसले होते. पिल्लं मोठी झाली होती, फांद्यांवर हिंडत होती. तू कपडे वाळत घालायला वर आलीस आणि तीन-चार पिल्लं फांदीवरून उतरून कठड्यावर आली. तुझ्याकडे बघून त्यांनी चोची उघडल्या. रानातलं पाखरू माणूस दिसला की उडतं, चोच उघडत नाही. तू त्यांना हातानं हाकललंस आणि माझ्याकडे बघितलं नाहीस. मी म्हटलं, ओळखतात गं तुला, आणि हसले. टाकीमागे ती काठी होती. पळीला खवले वाळून चिकटलेले होते. मी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. कारण तिसरं पिल्लू जगलं होतं आणि मला ते तसंच जगलेलं हवं होतं.

विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. म्हणूनच विचारलं नाही.

तर तू म्हातारी आणि तुला अक्कल नव्हती, असं सरांना सांगायचं काही उरलंच नव्हतं. मला होती.

डिसेंबरात मी बोलले. पडद्यावर चिंच होती, आपली गच्ची होती, शेवटी तुझं नाव होतं. टाळ्या पडल्या. मग एक पिकल्या केसांच्या बाई उठल्या आणि त्यांनी अगदी साधं विचारलं, त्या घरट्यांना माणसांकडून खायला मिळत होतं का. माझी पिशवी तिथेच खुर्चीखाली होती. तुझं पत्र तिच्यात.

मी म्हणाले, "नाही."

त्या बसल्या. समाधान झालं त्यांचं. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. मला माझ्या जागेवर चालत जायचं होतं ते मी गेले, पण कशी ते आठवत नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याच बाई येऊन म्हणाल्या की सुंदर काम आहे, पुढच्या वर्षी आमच्याकडे ये. त्यांनी माझा हात हातात घेतला. तो हात मी नंतर धुतला, आत्या, साबणानं. तुझ्या लुगडं बदलण्याची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. तुझं पत्र वाचून दाखवलं, आणि मग चोचींचं सांगितलं, म्हणजे मी ओळखलं होतं ते, जे तुलाही माहीत नव्हतं. तुझं पत्र त्यांनी घडी घालून मला परत दिलं. बोलले ते चोचींवर. म्हणाले की तुझ्या आत्यानं पिल्लू वाचवलं आणि तू निकाल वाचवलास, यातलं कुठलं मला समजू शकतं ते तूच ठरव. मग त्यांनी मला तिथेच बसवून परिषदेला आलेल्या प्रत्येकाला लिहायला लावलं. त्या बाईंनाही. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार. बाहेर जाण्याबद्दल अर्थातच काही नाही.

वर्गातली मुलं माझ्याशी फार चांगली वागतात. मी आले की बोलणं बदलतात.

माझं एक वर्ष गेलं. पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा करायचं, तर सर हो म्हणाले. गच्चीवर कोण बसणार, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, काय करायचं नाही हे आता आम्हा दोघींइतकं कोणाला माहीत नाही.

बसशील का? नाही म्हणालीस तरी मी समजेन. फक्त हो म्हणालीस तर नुसतं बघायचं आहे. खरोखर नुसतं.

काकांना सांग की खिचडीला दोन वाट्या पाणी जास्त घालायचं.

तुझी असले तर तुझीच
मंजिरी


॥ श्री ॥
ब्राह्मणपारा, रायपूर
११ ऑगस्ट २००२

चि. मंजिरीस इंदूआत्याचे आशीर्वाद.

यंदाचा पाऊस तू पेपरात वाचतच असशील. जुलै सगळा कोरडा गेला. लोक म्हणतात असा दुष्काळ बरीच वर्षं पाहिला नाही. बगळे आले उशिरा, अंडी घातली उशिरा. चारा शोधायला कुठे जातात कोण जाणे, दुपार कलते तरी परतत नाहीत.

पिवळ्या फितीच्या घरट्यातलं तिसरं मागच्या सोमवारी गेलं, ते तुला कळवलंच. निळ्याच्यात यंदा दोनच अंडी होती. काल लाल फितीच्या घरट्यातलं.

सकाळपासून थोरली दोघं त्याला टोचत होती. आई शेजारच्या फांदीवर पंख साफ करत होती. तू लिहिलं होतंस तशीच, मधे न पडता. मग ढकलाढकलीत ते घसरलं, आणि खाली न जाता गच्चीवरच पडलं, माझ्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर. जिवंत होतं. मान उचलून त्यानं चोच उघडली. माझ्याकडेच असं नाही. जिकडे सावली हलली तिकडे.

मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. मांडीखाली, कारण मांडीवर ठेवलेल्या हातांचा मला भरवसा नव्हता.

काका वर आले, चहाची वाट बघून. पडलेलं पिल्लू पाहिलं, मला पाहिलं. तुला माहीत आहे, होळीपासून ते पुन्हा माझ्या हातचं जेवायला लागले, पण तो विषय घरात कधी निघाला नाही. गुडघ्यावर हात ठेवून ते पिल्लापाशी वाकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगू का भैय्यालालले? आणून देईन तो. श्रावण-बिवण राहू दे."

मंजू, लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, आणि काल मागितलं ते हे. मी नाही म्हणाले. त्यांनी विचारलं, काहून? मी म्हटलं, पोट्टीचं काम आहे. ते उभे राहिले, आणि मग खाली गेले नाहीत. कठड्याला टेकून माझ्याबरोबर बसून राहिले. ऊन आलं तेव्हा ते आपली सावली त्याच्यावर पडेल असे जरा सरकले. ते मी त्यांना करू दिलं. सरांना सांगायचं असेल तर हेही सांग, आपण काही लपवायचं नाही असं ठरलं आहे.

दुपारी बारा वाजून गेल्यावर त्याची चोच मिटली.

तू म्हणशील, आत्या, यंदा तुला लाज वाटायचं काही कारण नाही. मला वाटते. मागच्या वर्षी तुझ्यासमोर वाटली, काल त्याच्यासमोर. काकांनी त्याला उचलून चिंचेच्या मुळाशी पुरलं. मी आज सकाळी पुन्हा खुर्ची टाकली.

लाल फितीच्या घरट्यात दोन. पिवळ्याच्यात दोन. निळ्याच्यात दोन.

हे सगळं खरं आहे.

तुझ्यावर जीव असलेली
इंदूआत्या